चार जास्तीचे ‘ठीक’

तीन फेब्रुवारी, मंगळवार. मागणीची रक्कम : एकतीस लाख अठ्ठेचाळीस हजार सहाशे रुपये.

मालवाहतूक कंपनीच्या कार्यालयात दुपारी सव्वातीनला आलेल्या नोटिशीच्या पहिल्याच पानावर ही रक्कम आधी आकड्यात आणि मग अक्षरात लिहिलेली होती. ज्या टेबलावर ती उघडली गेली, त्यामागच्या गृहस्थांनी ती दोनदा वाचली, आकडा आणि अक्षर जुळते याची खात्री केली, वर आवक क्रमांक टाकला आणि कागद साहेबांच्या खोलीत पाठवून दिला. खाली काय लिहिले आहे ते त्यांनी वाचले नाही. आवक क्रमांक टाकायला मजकूर वाचावा लागत नाही.

या गृहस्थांना कंपनीत सगळे ठीककाका म्हणत. खरे नाव पगारपत्रकावर होते आणि तिथेच राहिले. कंपनीचे बेचाळीस ट्रक, आणि रोजच्या तपासणीची वही काकांच्या ताब्यात. वहीत दर ट्रकला महिन्याचे एक पान. पानावर चार रकाने : टायर, दिवे, ब्रेक, हॉर्न. प्रत्येक रकान्यात काका लिहीत, ‘ठीक’. शेवटी सही. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर चार हजार तीनशे अडुसष्ट वेळा ठीक. अशी एकतीस वर्षे. एवढ्या वर्षांत त्यांच्या वहीत खाडाखोड नव्हती, शाईचा डाग नव्हता आणि एकही ट्रक नादुरुस्त नव्हता. रस्त्यावर ट्रक बंद पडत, ते पडतच. पण वहीत नाही.

अक्षर मात्र पाहत राहावे असे. ‘ठ’ची गोलाई नाण्यासारखी आणि वेलांटी सगळीकडे सारख्या उंचीची. सर्वोत्कृष्ट नोंदवहीचे बक्षीस काकांना तीनदा मिळाले आणि तिन्ही वेळा कंपनीने भिंतीवरचे घड्याळ दिले. घरी ती तिन्ही घड्याळे एका रांगेत टांगलेली होती आणि तीन वेगवेगळ्या वेळा दाखवत होती. कोणी किती वाजले विचारले की काकू म्हणत, “यांना विचारा, तिन्ही ठीक आहेत म्हणतील.”

आता काकांची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यातूनच घडले. परिवहन खात्याचा निरीक्षक कधी आला तर सोमवारी सकाळी यायचा. फार वर्षांपूर्वी एका सोमवारी त्याला वहीत कोरा रकाना दिसला आणि तेव्हाच्या साहेबांना बोलणी खावी लागली. साहेबांनी हुकूम काढला : वही कोरी दिसता कामा नये. काकांनी हुकूम अक्षरशः पाळला. दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ते पुढच्या सोमवार ते शनिवारच्या सगळ्या ओळी भरून टाकत. बेचाळीस ट्रक, चार रकाने, सहा दिवस : एक हजार आठ ठीक. एका बैठकीत, पावणेदोन तासांत, जप केल्यासारखे. सोमवारी निरीक्षक येवो की न येवो, वही त्याच्या आधीच आठवडाभर पुढे गेलेली असे.

पूर्वी एवढे बिघडत नव्हते, कारण काका वहीत काहीही लिहोत, खाली मिस्त्री होता. तो रोज सकाळी गोणपाट अंथरून ट्रकखाली शिरायचा, तासाभराने काळाकुट्ट होऊन बाहेर यायचा आणि तपासणाऱ्याच्या जागी अंगठ्याएवढी सही करायचा. तो चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला. साहेबांनी हिशेब केला की वही तर व्यवस्थित भरली जाते आहे, मग नवा मिस्त्री हवा कशाला? काकांना ते म्हणाले, “तूर्त तुम्हीच सही करत जा.” ते ‘तूर्त’ चार वर्षे चालले. काका ट्रकखाली कधी गेले नाहीत. खुर्चीवरून खिडकीतून आवारातले ट्रक दिसत, तेवढे दिसणे त्यांना पुरे होते. उंटावरून शेळ्या हाकणारे जगात पुष्कळ असतात. काकांनी शेळ्या न मोजता कळप पूर्ण असल्याची नोंद करण्यापर्यंत मजल मारली होती.

चौदा ऑक्टोबरला, मंगळवारी, सकाळी अकरा वीसला सतरा नंबरचा ट्रक महामार्गाचा लांब उतार उतरत होता. उतार संपतो तिथे सिग्नल आहे. तांबडा दिवा लागला होता आणि शिलाई मशीन दुरुस्त करणारा एक माणूस, वय एक्केचाळीस, स्कूटरवर दोन मशीनची डोकी बांधून, शहाण्या माणसासारखा थांबला होता. चालकाने ब्रेक दाबला. पावटी तळाला टेकली आणि ट्रक तसाच खाली आला.

मशीनवाला जागच्या जागी गेला.

चालक गळ्याचे हाड मोडून वाचला. दोन महिन्यांनी तो गाव सोडून गेला तो गेलाच. ना पत्ता, ना फोन. तो असता तर त्याने एक गोष्ट सांगितली असती, जी त्याच्याखेरीज फक्त काकांना ठाऊक होती. अपघाताच्या आधीच्या शुक्रवारी तो काकांच्या टेबलापाशी येऊन म्हणाला होता, “काका, सतराचा ब्रेक मऊ लागतोय. एकदा कोणाला तरी बघायला सांगा.” काका म्हणाले होते, “तोंडी चालत नाही. तक्रारीचा फॉर्म भरून दे.” चालकाने फॉर्म मागितला. काकांनी कप्पा उघडून पाहिला. फॉर्म संपले होते. “सोमवारी छापून येतील,” काका म्हणाले, आणि शनिवारी त्यांनी सतरा नंबरच्या पानावर सहा दिवसांचे ब्रेक ठीक करून टाकले.

मशीनवाल्याच्या बायकोने दावा लावला तेव्हा कंपनीच्या वकिलांनी भलेमोठे उत्तर दिले. त्यात म्हटले होते की ब्रेक अचानक निकामी झाला, हा दैवाचा घाला, त्यात कंपनीचा दोष नाही. कंपनी ट्रकची रोज तपासणी करते, सोबत वहीची खरी प्रत जोडली आहे. शिवाय मयत हा महामार्गावर बेदरकारपणे थांबला होता. तांबड्या दिव्याला बेदरकारपणे कसे थांबतात, हे वकिलांनी खुलासेवार लिहिले नव्हते.

म्हणजे सगळा दावा वहीवर येऊन ठेपला. बाईंना सिद्ध करायचे होते की कंपनीने हयगय केली. चालक बेपत्ता, ट्रकचा चेंदामेंदा, आणि समोर एकतीस वर्षांची सुवाच्य, निष्कलंक वही. तिथे हात टेकल्यासारखेच होते. बाईंच्या बाजूला एक किरकोळ अंगाच्या, सदा सर्दी झालेल्या वकीलबाई होत्या. कंपनीने जोडलेली ती प्रत त्यांनी एकदा पाहिली, नाक पुसले, पुन्हा पाहिली, आणि न्यायालयात अर्ज दिला की मूळ वही घेऊन ती लिहिणाऱ्याला साक्षीला बोलवावे. साक्षीदाराचा भत्ता आणि प्रवासखर्च म्हणून बाईंकडून एकशे चौतीस रुपये न्यायालयाच्या रोखपालाकडे भरून टाकले.

मे महिन्यात समन्स आले. काकांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. साहेबांनी त्यांना वहीसकट आत बोलावले, सतरा नंबरचे ऑक्टोबरचे पान उघडायला लावले आणि प्रथमच ते वरपासून खालपर्यंत वाचले. तेरा तारीख ठीक. चौदा ठीक. पंधरा ठीक. सोळा, सतरा, अठरा ठीक. वीसपासून पुढे ‘गाडी बंद’.

“काका,” साहेब म्हणाले, “पंधरा तारखेला हा ट्रक पोलीस ठाण्याच्या आवारात चेपून पडला होता.”

“हो, साहेब.”

“आणि तुम्ही लिहिलंय त्याचे ब्रेक ठीक.”

“पंधराला नाही लिहिलं, साहेब. अकराला लिहिलं. तेव्हा तो धावत होता.”

साहेबांनी डोक्याला हात लावला. पान बदलावे तर वकिलांनी त्याच पानाची प्रत ‘खरी प्रत’ असा शिक्का मारून आधीच न्यायालयात दिलेली. त्यांनी चौदा तारखेच्या ओळीपर्यंत वाचले होते आणि तिथे ठीक दिसल्यावर खूश होऊन थांबले होते. आपलेच दात आपलेच ओठ, बोलायची सोय नाही. शेवटी फोनवरून वकिलांनीच तोड काढली. काकांनी साक्षीत एवढेच सांगायचे, की त्या चार ओळी पुढच्या पानावरच्या अठरा नंबरच्या होत्या. नजरचुकीने सतराच्या पानावर पडल्या. लिहिण्यातली चूक, बाकी काही नाही.

“चूक?” काकांनी विचारले.

“बारीकशी,” साहेब म्हणाले. “आणि निवृत्तीची रक्कम माझ्याच सहीने निघते, हे काही मी तुम्हाला सांगायला नको.”

काका त्या दिवशी घरी आले ते पाय ओढत. त्यांना रकमेची धमकी लागली नव्हती. तिची वाक्यरचना त्यांना ठीकच वाटली होती. खुपत होता तो ‘चूक’ हा शब्द. माणूस मेला याचे दुःख त्यांना ऑक्टोबरात झाले होते, रीतसर, दोन दिवस. फॉर्मची गोष्ट मनात आली की ते कपाट आवरायला घेत, आणि त्यामुळे त्या वर्षी घरातले कपाट फार नीट राहिले. पण एकतीस वर्षांनंतर लोकांसमोर उभे राहून आपण एका ट्रकचे दुसऱ्याच्या पानावर लिहिले असे म्हणायचे, हे त्यांच्या गळ्याखाली उतरेना.

काकूंनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, “मग म्हणा चूक झाली. या घरात तुमची एकही चूक आजवर झालेली नाही. एक होऊन जाऊ दे, आम्हालाही बघू दे कशी दिसते.”

पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. दुसऱ्या तारखेला कंपनीचे वकील दुसऱ्या न्यायालयात होते. काका दोन्ही वेळा वही फडक्यात बांधून, बाहेरच्या लांब बाकावर दिवसभर बसले. दुसऱ्या तारखेला त्यांच्या शेजारी एक बाई येऊन बसली. मांडीवरच्या कापडी पिशवीतून तिने चिठ्ठ्यांचा ढीग काढला आणि मोजू लागली. पुठ्ठ्याच्या लहान लहान चिठ्ठ्या, प्रत्येकीला टाचणीने लावलेली एक कापडाची चिंधी. तिचे मोजणे सारखे चुकत होते, कारण मार्चच्या चिठ्ठ्यांत जूनच्या होत्या आणि जूनच्यात त्याच्या आदल्या वर्षीच्या.

तारखा उलटसुलट पडलेल्या पाहणे काकांच्या स्वभावात नव्हते. पाच मिनिटे त्यांनी सोसले, मग म्हणाले, “ताई, आणा इकडे.” अर्ध्या तासात त्यांनी चिठ्ठ्या महिनावार लावल्या, प्रत्येक गठ्ठ्याला रबर लावला, वर संख्या लिहिली. महिन्याला सरासरी एकसष्ट मशीन. मयताची कमाई सिद्ध करायला बाईच्या बाजूने याहून नीटनेटका पुरावा पुढे आला नसता. तो कंपनीच्या साक्षीदाराने स्वतःच्या हाताने लावून दिला होता, हे बाकावरच्या दोघांपैकी एकाला ठाऊक होते आणि तो स्वच्छ अक्षरात बेरीज लिहीत होता.

लावता लावता त्यांच्या लक्षात आले की प्रत्येक चिठ्ठीवर खाली तेच दोन शब्द आहेत. अक्षर गचाळ, तिरके, तेलाचे बोट उमटलेले : ‘चालवून पाहिली’. त्यांनी विचारले, हे काय? बाईने चिंधी दाखवली. चिंधीवर वीतभर शिवण होती. मशीन दुरुस्त झाली की तिचा नवरा चिंधीवर एक शिवण मारून बघायचा, आणि ती चिंधी चिठ्ठीला टाचून मगच मशीन द्यायचा.

“दर वेळी?” काकांनी विचारले. “गर्दी असेल तेव्हा आधी चिठ्ठ्या लिहून ठेवत असतील ना? मागाहून चालवायची.”

बाईने त्यांच्याकडे पाहिले. तिला हसू आले असावे. “न चालवता कसं लिहिणार, काका? खोटं लिहिलं तर मशीनच सांगते ना दुसऱ्या दिवशी.” मग तिने सहज विचारले, “तुमची कसली केस आहे?”

“माझी नाही,” काका म्हणाले. “मी फक्त वही घेऊन आलोय.”

तिसरी तारीख नऊ जुलै होती आणि त्या दिवशी दुर्दैवाने सगळे हजर होते. काका पिंजऱ्यात उभे राहिले. मशीनवाल्याची बायको पहिल्या रांगेत बसली होती. वहीचे फडके सुटताना तिने काकांना ओळखले, आणि तिची नजर एकदा काकांकडे, एकदा मांडीवरच्या रबर लावलेल्या गठ्ठ्यांकडे गेली.

वकीलबाईंनी सुरुवातीला वहीचे कौतुक केले. अक्षर किती सुंदर, खाडाखोड कशी नाही. काका खुलले. पुढे त्यांनी पंधरा तारखेची ओळ वाचायला सांगितली. काकांनी वाचली : टायर ठीक, दिवे ठीक, ब्रेक ठीक, हॉर्न ठीक. वकीलबाईंनी विचारले, त्या दिवशी ट्रक कुठे होता? पोलीस ठाण्यात, काका म्हणाले. आणि हॉर्न वाजत होता? मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशांनीही खाली पाहून कागद चाळला.

कंपनीचे वकील तत्काळ उठले. साक्षीदार वयस्कर आहेत, म्हणाले, ही साधी गोष्ट आहे, आणि काकांकडे वळून त्यांनी मऊ आवाजात पूल बांधून दिला : “या चार ओळी म्हणजे तुमची लिहिण्यातली चूक. बरोबर?”

काकांनी वकिलांकडे पाहिले. साहेब दारापाशी उभे होते आणि मान हलवून हो म्हणायला शिकवत होते. एवढा सोपा शब्द. पण तो शब्द एकतीस वर्षांच्या अंगावर येऊन बसणार होता.

“चूक नाही,” काका म्हणाले. “पद्धत आहे.”

आणि मग त्यांनी ती पद्धत सांगितली. कोणी विचारले नव्हते तेही सांगितले. शनिवार, जेवणाची सुट्टी, एक हजार आठ, पावणेदोन तास, कोरी वही आणि सोमवारचा निरीक्षक. मिस्त्री गेला त्याची तारीख सांगितली, ‘तूर्त’ हा शब्द कोणी वापरला ते सांगितले. आवाजात अभिमान होता. आपली शिस्त कोणाला तरी एकदा उलगडून सांगायची संधी त्यांना उभ्या जन्मात मिळाली नव्हती. ती मिळाली आणि त्यांनी कंपनीचा गळा अत्यंत सुबकपणे, रकान्यारकान्याने कापला. वकिलांनी दोनदा हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, तुमचाच प्रश्न होता.

काका थांबले तेव्हा वकीलबाईंनी नाक पुसले आणि शांतपणे एवढेच विचारले, की या ट्रकच्या ब्रेकबद्दल अपघातापूर्वी कोणी काही सांगितले होते का. प्रश्न अंधारात टाकलेल्या खड्यासारखा होता. वकीलबाईंना काहीच माहीत नव्हते. चालक गेलेला, ‘नाही’ म्हटले असते तर ते जगाच्या अंतापर्यंत नाहीच राहिले असते. आणि या उत्तरात पद्धतीचा अभिमानही नव्हता, की ज्याच्या आधाराने बोलावे.

काकांनी समोर पाहिले. पहिल्या रांगेत ती बाई चिठ्ठ्यांचा वरचा गठ्ठा घट्ट धरून बसली होती. रबराखाली एक चिंधी बाहेर आली होती.

“सांगितलं होतं,” काका म्हणाले. “चालकानं. शुक्रवारी. ब्रेक मऊ लागतोय म्हणाला.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“फॉर्म संपले होते.”

या वेळी कोणी हसले नाही.

“तुम्ही ब्रेक कधी तपासला का?”

“नाही,” काका म्हणाले, आणि थोड्या वेळाने, कोणाला कळेल न कळेल अशा आवाजात, “चालवून नाही पाहिली.”

लेखनिकाने विचारले, हे लिहायचे का? न्यायाधीश म्हणाले, लिहा.

नोव्हेंबरात निकाल लागला. हयगय सिद्ध झाली. बाईंना अठ्ठावीस लाख दहा हजार रुपये मंजूर झाले. ते विमा कंपनीने आधी द्यावेत आणि ट्रकच्या मालकाकडून वसूल करावेत, असा हुकूम झाला. निकालपत्रात काकांच्या वहीला पूर्ण दीड पान मिळाले. कंपनीने अपिलाचा विचार केला, वकिलांची फी विचारली आणि विचार सोडला.

कंपनीने धडा मात्र घेतला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसा झोपा झाला. मिस्त्री नेमला नाही. तो महाग पडतो. रबराचा एक शिक्का करून घेतला : ‘प्रत्यक्ष तपासले’. लिहिण्याचा वेळही वाचला. पुढच्या कारकुनाचे शनिवारचे काम पंचवीस मिनिटांत उरकते, असे ऐकिवात आहे. काकांवर चौकशी बसली. आरोप एकच : वेळेआधी नोंदी करणे. साहेबांनी आरोपपत्रावर सही केली, तारखेची जागा कोरी ठेवली. निवृत्तीची रक्कम तीन स्मरणपत्रांनंतर मिळाली. निरोपसमारंभ झाला नाही, त्यामुळे चौथे घड्याळ आले नाही. काकू म्हणाल्या, भिंतीला जागाही नव्हती.

घरी बसल्यावर काकांनी पहिल्या दिवशी स्टुलावर चढून तिन्ही घड्याळे उतरवली आणि एकेक चावी देऊन, कानाशी धरून पाहिली. एक चालू झाले. उरलेली दोन त्यांनी कपाटात ठेवली आणि तसे काकूंना सांगितले. काकूंनी हातातले काम थांबवून त्यांच्याकडे पाहिले. ‘बंद आहेत’ असे त्यांनी नवऱ्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

जानेवारीत काका साक्षीचा भत्ता घ्यायला न्यायालयात गेले. रोखपालाने मोठे रजिस्टर पुढे ढकलले. रोकड आज नाही, म्हणाला, गुरुवारी येईल. पण तुम्ही एवढ्या लांबून आलात तर ‘रक्कम मिळाली’च्या खाली सही करून ठेवा, तारीख मी नंतर टाकेन. सगळे तसेच करतात.

काकांनी पेन उघडले. ओळीवर बोट ठेवून ती वाचली. मग पेन बंद करून खिशाला लावले.

“पैसे मिळाले की करतो,” ते म्हणाले.

रोखपालाला राग आला. त्याने गुरुवारी यायला सांगितले, गुरुवारी तो रजेवर होता, आणि त्यानंतरच्या गुरुवारी पुन्हा आधी सही मागितली. काका चार वेळा जाऊन आले. बसभाड्यातच भत्त्याहून जास्त गेले, हे काकूंनी त्यांना हिशेब करून दाखवले.

एकशे चौतीस रुपये अजून येणे आहेत.